हैती : टोळ्या पोसल्या कोणी आणि भोगतंय कोण?

सागरगोटा

कॅरिबियनमधल्या हैतीची बातमी आपल्याकडे येते ती भूकंप झाला की, नाहीतर राष्ट्राध्यक्षाला गोळ्या घातल्या की. मधल्या काळात काय चाललंय ते कोणी सांगत नाही आणि मग एकदम एखादा व्हिडिओ फिरायला लागतो, रस्त्यावर टायर जळतायत, पोरांच्या हातात लांब लांब बंदुका, आणि खाली कमेंट "हा देशच तसला". मला या "तसला"वर बोलायचंय. बरीच वर्षं जमेल तसं वाचतोय आणि माझं मत असं झालंय की तिथल्या टोळ्या आकाशातून पडलेल्या नाहीत, त्या पाळलेल्या आहेत. ज्यांनी पाळल्या ते बंगल्यात किंवा परदेशात आहेत आणि भोगतायत ते ज्यांच्याकडे पळून जायलाही पैसे नाहीत.

आधी सध्याची स्थिती. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचा जवळपास ९० टक्के भाग टोळ्यांच्या हातात गेलाय असं संयुक्त राष्ट्रांचे लोक २०२५ मधे सांगत होते. २०२४ या एका वर्षात ५,६०० च्या वर माणसं मेली. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत, त्यातले १४ लाख ऑक्टोबर २०२५ पर्यंत घर सोडून शाळांमधे, चर्चच्या आवारात, नातेवाईकांकडे राहत होते. २०१६ नंतर निवडणूक झालेली नाही. जानेवारी २०२३ मधे शेवटच्या दहा सिनेटर्सची मुदत संपली आणि देशात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस पदावर उरला नाही.

आता पाळलेल्या का म्हणतो ते. सगळ्यात गाजलेला टोळीप्रमुख जिमी शेरिझिए, टोपणनाव बार्बेक्यू, हा माणूस पोलिसात होता. नोव्हेंबर २०१८ मधे ला सलीन नावाच्या वस्तीत ७१ लोकांची कत्तल झाली तेव्हा तो नोकरीतच होता. ही वस्ती सरकारविरोधी मोर्चांचा बालेकिल्ला, आणि मोर्चे कशाबद्दल तर व्हेनेझुएलाने पेट्रोकॅरिब योजनेत उधारीवर तेल दिलं त्यातून उभा राहिलेला पैसा कुठे गेला याबद्दल. दोन वर्षांनी अमेरिकेने या कत्तलीसाठी तिघांवर निर्बंध घातले. एक शेरिझिए, दुसरा गृहखात्याचा महासंचालक, तिसरा राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांचा त्या विभागातला प्रतिनिधी. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या वस्तीला गप्प करायला कोण कोण एका बाजूला होतं ते बघा. जून २०२० मधे शेरिझिएने नऊ टोळ्या एकत्र करून जी-नाईन काढली, समोर दुसरा गट जी-पेप, त्यांचे पाठीराखे वेगळे.

मग ७ जुलै २०२१ ला मोईझ यांची घरात घुसून हत्या झाली, कोलंबियाचे माजी सैनिक भाड्याने आणून. त्यानंतर पंतप्रधान एरियल आँरी यांच्या हातात कारभार आला पण लगाम कोणाच्याच हातात राहिला नाही. टोळ्यांना तोवर खंडणी, अपहरण आणि रस्त्यावरचा टोल यातून स्वतःचा पैसा मिळायला लागला होता, मालकाची गरजच संपली. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आँरी केनियात होते, तिथले पोलीस हैतीत आणायच्या करारासाठी, आणि इकडे एकमेकांच्या रक्ताला चटावलेले दोन्ही गट 'विव आन्सान्म' नावाखाली एक झाले. पोलीस ठाणी जाळली, विमानतळ बंद पाडला, २ मार्चच्या रात्री दोन तुरुंग फोडून चार हजारांच्या आसपास कैदी सोडले. आँरींचं विमान देशात उतरूच शकलं नाही. प्वेर्तो रिकोतच अडकले आणि तिथूनच राजीनामा जाहीर केला.

कोणाला तिथला जवळचा अनुभव, ओळख असेल तर लिहा.

जुईली_म्हणे

वाचून सुन्न झाले. माझा बेसिक प्रश्न आहे, इतक्या गरीब देशात या पोरांकडे एवढ्या महागड्या बंदुका येतात कुठून? तिथे तर कारखाना नसेल ना?

मायामीकर

जुईली, आमच्या इथून जातात. खरंच. हैतीत बंदूक बनत नाही, गोळी बनत नाही. फ्लोरिडात दुकानातून कोणाच्या तरी नावावर घ्यायची, सुटे भाग करून तांदूळ, जुने कपडे, सेकंडहॅण्ड गाड्या यांच्या मालात लपवायची आणि मायामी नदीवरच्या छोट्या मालवाहू बोटीतून पाठवायची. त्या बोटींवर गाद्या, सायकली, ड्रम असं काय काय रचलेलं असतं, येता जाता आम्ही बघतो. आत काय आहे हे प्रत्येक ड्रम उघडून कोण बघणार. पॉइंट फिफ्टी कॅलिबरच्या रायफलीसुद्धा गेल्यात, चिलखती गाडीच्या आरपार जातात त्या. सुरक्षा परिषदेने २०२२ पासून शस्त्रबंदी लावलीय पण कागदावर.

मी इथे एका नर्सिंग होममधे काम करते, आमच्याकडे अर्ध्याहून जास्त मदतनीस बायका हैतीच्या. एकमेकींच्यात क्रेयोल बोलतात, खूप कष्टाळू, डबल शिफ्ट करतात आणि पगार झाला की पहिलं काम पैसे पाठवणं. माझ्यासोबत असते तिची आई राजधानीतल्या डेलमा भागात होती. तिथून मुलीच्या सासरी, तिथूनही हलवलं आणि आता उत्तरेला काप-आइस्यँला कोणाकडे तरी खोलीत आहे. हिचा दिवस कसा सुरू होतो सांगू? व्हॉट्सअ‍ॅपवर तिकडच्या भावाचे व्हॉइस मेसेज ऐकायचे. आज कुठला रस्ता खुला आहे, कुठे गोळीबार ऐकू आला, टॅप-टॅप (तिकडची रंगवलेली वडाप म्हणा) कुठवर जातेय. भाऊ घराबाहेर पडायच्या आधी गल्लीतल्या ग्रुपवर विचारतो, उत्तर आलं तरच निघतो. दुपारपर्यंत दुसरा मेसेज आला नाही तर तिचं कामात लक्ष नसतं, औषधांच्या ट्रेपाशी नुसती उभी राहते, आणि मग आमच्यापैकी कोणीतरी तिचं काम उचलतं.

एक लिहायचं राहिलं. हे लोक इकडेही सुखाने नाहीत. टीपीएस म्हणजे तात्पुरतं संरक्षण, ते काढून घ्यायची घोषणा जून २०२५ मधे झाली, प्रकरण कोर्टात. ज्या देशाच्या राजधानीत विमानं पाठवू नका असं अमेरिकेचंच विमान खातं सांगतं (नोव्हेंबर २०२४ मधे उतरणाऱ्या प्रवासी विमानाला गोळ्या लागल्या, एअरहोस्टेस जखमी झाली), तिथेच यांना परत जा म्हणायचं. मला याचा प्रचंड राग येतो.

रोखठोक

धागा चांगला आहे, पण उपाय सरळ दिसत असताना आपण इतिहास का उगाळतोय? एल साल्वाडोरने काय केलं बघा. तिथल्या राष्ट्राध्यक्ष बुकेलेने एकेका टोळीवाल्याला उचलून आत टाकलं, देश शांत. हैतीतही तेच करायला पाहिजे, मानवाधिकारवाल्यांचं ऐकत बसलात तर आणखी वीस वर्षं हेच चालणार.

सागरगोटा

रोखठोक, तुमची तळमळ समजते पण बुकेलेकडे सैन्य होतं, पोलीस होते, तुरुंग होते, त्याचा हुकूम चालत होता. हैतीत पोलीस दहा हजारांच्या आतबाहेर, तेही पगार उशिरा मिळणारे, कितीतरी नोकरी सोडून अमेरिकेला गेले. सैन्य तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड यांनी १९९५ मधेच मोडीत काढलं (आणि ते सैन्य बंडच करत बसायचं त्यामुळे मोडलं याबद्दल त्यांना मी दोष देणार नाही), नंतर पुन्हा उभं केलं ते अगदीच छोटं. तुरुंग फोडलेले. उचलून टाकणार कुठे आणि उचलणार कोण?

आणि दुसरं म्हणजे लोकांनी स्वतः हे करून बघितलंय. एप्रिल २०२३ मधे राजधानीतल्या कानापे-व्हेर भागात पोलिसांनी पकडलेल्या डझनभर संशयितांना जमावाने हिसकावून घेतलं, दगडांनी मारलं आणि जाळलं. त्यातून 'ब्वा काले' नावाची लाटच आली, गल्लोगल्ली लोक कोयते घेऊन नाके लावून बसले. काही आठवडे अपहरणं खरंच कमी झाली, हे नाकारत नाही. पण नाक्यावर कोणी अनोळखी दिसला, ओळखपत्र नाही, बोलताना अडखळला, तर तोही गेला. आणि टोळ्यांनी नंतर त्याच वस्त्यांवर सूड उगवला. ज्याच्या घरावर हल्ला होतोय तो कोयता घेणारच, त्याला मी चूक म्हणत नाही. पण याला राज्य म्हणता येत नाही.

त्या टोळ्यांमधे पोरं किती आहेत हेही बघा, युनिसेफच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्यापर्यंत सदस्य अठरा वर्षांच्या आतले. काही उपाशी म्हणून गेले, काहींना धमकावून नेलं. त्यांनाही तुम्ही आत टाकणार?

गोदाकाठ

सागरगोटा, तुम्ही २०१८ पासून सुरुवात केलीत पण ही पोरं शहराच्या झोपडपट्टीत आली कुठून ते शेतीत शोधायला लागेल, मी शेतकरी घरातला असल्यामुळे मला तेच दिसतं.

हैतीत आर्तिबोनीत नावाचं खोरं आहे, मोठी नदी, भाताचं कोठार. ऐंशीच्या दशकापर्यंत देश आपला बहुतेक तांदूळ स्वतः पिकवायचा. १९९५ मधे बाहेरच्या दबावाखाली तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं आणि अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला तांदूळ बाजारात ओतला गेला. तिथला शेतकरी त्या भावाला कुठून टिकणार. खुद्द बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मधे अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की आर्कान्सामधल्या माझ्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं पण ते चुकलं, हैतीची पिकवायची ताकद गेली.

त्याआधी डुकरांचं प्रकरण. तिकडच्या खेड्यात काळं, काटक गावठी डुक्कर असायचं, उकिरड्यावर जगणारं, आणि पोराची फी भरायची, कोणी आजारी पडलं की तेच विकायचं. १९७८ च्या सुमारास आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेच्या पुढाकाराने देशातली जवळपास सगळी डुकरं मारून टाकली. बदल्यात आयोवाची गोरी डुकरं दिली, त्यांना सिमेंटचा गोठा आणि विकतचं खाद्य लागायचं, म्हणजे मालकापेक्षा त्यांचा खर्च जास्त. घरातलं शेवटचं किडूकमिडूक गेल्यावर माणूस शहरात येणार नाही तर काय करणार. सिते सोलेसारख्या वस्त्या अशा फुगल्या. तिथे जन्मलेल्या पोराला शाळा नाही, काम नाही, आणि निवडणुकीच्या वेळी पुढारी येऊन हातात पैसे आणि बंदूक देतो.

आणि आता टोळ्या त्याच आर्तिबोनीतमधे पोचल्यात. ३ ऑक्टोबर २०२४ ला पों-सोंदे गावात ग्रां ग्रिफ टोळीने शंभराच्या वर माणसं मारली. कारण काय, तर गावकरी टोल द्यायला तयार नव्हते आणि नाक्यावर बसणाऱ्या गावच्या गटाला साथ देत होते.

रोखठोक

गोदाकाठ, डुकरांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मला एक सांगा, एकाच बेटावर शेजारी डॉमिनिकन रिपब्लिक आहे, तिथे पर्यटन जोरात. त्यांनाही हुकूमशहा होता, तिथेही अमेरिकन फौजा आल्या होत्या. मग हैतीच का? दोनशे वर्षांपूर्वी तिथे राज्य करणाऱ्या फ्रान्सला किती दिवस बोल लावणार?

सागरगोटा

दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट १९४७ पर्यंत चालू होती हो. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ मधे स्वातंत्र्य घेतलं, नेपोलियनच्या फौजेला हरवून. १८२५ मधे फ्रान्सने युद्धनौका बंदरात उभ्या करून सांगितलं की आमच्या मळेवाल्यांचं नुकसान भरून द्या, १५ कोटी फ्रँक. त्या नुकसानीत गुलाम म्हणून ती माणसंही धरलेली. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली पण ती फेडायला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज, त्या कर्जावर व्याज. १९१५ ते १९३४ अमेरिकेचा ताबा. या सगळ्यात शाळा, रस्ते, कोर्टं कशातून उभी राहणार? डॉमिनिकन रिपब्लिकवर असलं देणं कधीच नव्हतं. एप्रिल २०२५ मधे मॅक्रॉन यांनी या देण्याचा इतिहास तपासायला दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली, पैशाचं मात्र काही बोलले नाहीत.

पण तुमच्या म्हणण्यात जे खरं आहे ते मान्य करतो. सगळं बाहेरच्यांनी केलं असं म्हटलं की घरचे चोर सुटतात. १९५७ पासून १९८६ पर्यंत दुव्हालिए या हुकूमशहा बापलेकांनी देश लुटला आणि तोंतों माकूत नावाची खाजगी फौज ठेवली, सरकारी पगार नाही, लोकांकडून उकळायचं आणि साहेबासाठी मारायचं. पुढच्या प्रत्येक पुढाऱ्याने, डाव्या उजव्या दोन्ही, याच पद्धतीने वस्तीतली पोरं वापरली. बापलेक गेले पण रीत मागे राहिली.

जुना_जवान

नमस्कार मंडळी. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे २००४ ते २०१७ होती, त्यात आपल्या केंद्रीय पोलीस दलांच्या तुकड्याही होत्या. माझ्या ओळखीतले एकदोघे जाऊन आले. ते सांगायचे की साधे लोक चांगले, लहान मुलं गाडीमागे धावत यायची, पण वर्षभरानंतर दगड यायला लागले. कारण कॉलरा.

२०१० च्या जानेवारीत भूकंप, दोन लाखांच्या वर मृत्यू, आणि ऑक्टोबरमधे शांतिसेनेच्या नेपाळी तळावरची घाण आर्तिबोनीतला मिळणाऱ्या ओढ्यात गेली. जिथे कॉलरा माहीतच नव्हता तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांनी सहा वर्षं टाळाटाळ केली, बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मधे. मी वर्दीतला माणूस आहे, शांतिसेनेत जाणाऱ्यांचा मला आदर आहे, पण ही माफी पहिल्या महिन्यात यायला हवी होती. आता नवीन फौज येणार म्हटलं की तिथला माणूस घाबरतो यात नवल नाही.

केनियाच्या पोलिसांबद्दलही लिहितो. २५ जून २०२४ ला पहिली तुकडी उतरली. ठरले होते २,५००, वर्षभरानंतरही हजाराच्या आसपासच. पुरेशा गाड्या नाहीत, हेलिकॉप्टर नाहीत. अशा ठिकाणी ठाणं जिंकलं तरी रात्री तिथे थांबायला माणूस नसेल तर सकाळी ते परत टोळीचं. तरी त्या पोरांनी जीव दिलेत तिथे, हे विसरू नका.

जुईली_म्हणे

मार्च २०२४ मधे आपल्या सरकारने ऑपरेशन इंद्रावती केलं होतं ते हैतीचंच ना? पहिल्या दिवशी १२ भारतीयांना डॉमिनिकन रिपब्लिकमधे काढलं होतं. तेव्हा बातमी वाचून इंद्रावती म्हणजे आपली बस्तरची नदी एवढंच लक्षात राहिलं, हैतीत भारतीय काय करतायत हा प्रश्नच पडला नाही.

जुना_जवान

हो तेच. तेव्हा ७५ ते ९० भारतीय होते असं परराष्ट्र खात्याने सांगितलं होतं. हैतीत आपला दूतावास नाही, सांतो डोमिंगोहून बघतात.

बंदरवाला

मी जहाजावर असतो त्यामुळे माझं लक्ष तिथल्या बंदराकडे. एप्रिल २०२४ मधे पोर्ट-ऑ-प्रिन्सला मॅगली नावाचं मालवाहू जहाज टोळ्यांनी पळवलं, आत ६०,००० पोती तांदूळ. पोलिसांनी पाच तासांच्या गोळीबारानंतर सोडवलं, तोवर दहा हजारांच्या आसपास पोती गायब. २०२२ मधे तर व्हारू नावाचा मुख्य इंधन डेपोच शेरिझिएच्या लोकांनी खंदक खणून अडवून धरला होता, डिझेल नाही म्हणून हॉस्पिटलचे जनरेटर बंद, पाण्याचे पंप बंद आणि त्याच दिवसात कॉलरा परत आला. बंदर, डेपो आणि शहराबाहेर जाणारे दोन हमरस्ते, एवढं धरलं की देश मुठीत, वेगळी राजधानी जिंकायला लागत नाही.

पायचेंडू

या सगळ्यात एक गोष्ट लिहू दे. १८ नोव्हेंबर २०२५ ला हैतीने निकाराग्वाला २-० हरवून फुटबॉल वर्ल्ड कपमधे जागा मिळवली, १९७४ नंतर पहिल्यांदा. घरचे सामनेसुद्धा कुरासाओला खेळायला लागले कारण राजधानीतल्या स्टेडियममधे खेळणं शक्यच नव्हतं, आणि कोच मिन्ये यांनी तोवर हैतीत पाऊलही ठेवलेलं नव्हतं. आणि तारीख बघा, १८०३ मधे याच दिवशी व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंच हरले होते. त्या रात्री पोर्ट-ऑ-प्रिन्समधे लोक रस्त्यावर नाचले.

मायामीकर

पायचेंडू, आमच्या नर्सिंग होममधे त्या दिवशी आजीआजोबांना सुद्धा निळे लाल झेंडे वाटले होते :)

पण मला वार्फ जेरेमीबद्दल लिहायचंय कारण ते कोणी लिहिलं नाही आणि माझ्या डोक्यातून जात नाही. डिसेंबर २०२४. सिते सोलेमधली ती वस्ती. तिथल्या टोळीप्रमुखाचा मुलगा आजारी पडला आणि कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की म्हाताऱ्या माणसांनी करणी केलीय. त्याने वस्तीतली म्हातारी माणसं घराघरातून, देवळातून ओढून काढली. काही दिवसात २०७ जण मारले, संयुक्त राष्ट्रांचा आकडा आहे, बहुतेक साठीच्या पुढचे. प्रेतं जाळली, समुद्रात टाकली, म्हणजे मोजायलाही काही राहू नये. मी रोज म्हाताऱ्या माणसांचे हात धरून त्यांना चालवते. ज्या वस्तीत म्हाताऱ्यांना वाचवायला एक पोलीस येत नाही तिथे लोक अजून सकाळी उठून भाजी विकायला बसतात, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन टोळीच्या नाक्यावर पैसे देऊन पलीकडे जातात. त्यांना "तसले लोक" म्हणणाऱ्यांनी एक दिवस तिथे काढून दाखवावा.

जुईली_म्हणे

ताई, काय बोलू कळत नाहीये.

सागरगोटा, पुढे काय? काही आशा आहे का खरंच?

सागरगोटा

जुईली, ३० सप्टेंबर २०२५ ला सुरक्षा परिषदेने केनियाच्या मोहिमेच्या जागी नवीन टोळीविरोधी फौज मंजूर केली, ५,५५० माणसांपर्यंत. माणसं आणि पैसे ऐच्छिक, त्यामुळे केनियाचंच होईल ही भीती आहे. सरकार स्वतः ड्रोन वापरतंय, एरिक प्रिन्स या अमेरिकन माणसाच्या खाजगी कंपनीची मदत घेऊन. त्यात काही टोळीवाले मेले पण सप्टेंबर २०२५ मधे सिते सोलेत एका टोळीवाल्याच्या वाढदिवसासाठी भेटवस्तू वाटणार होते तिथे ड्रोन पडला आणि आठ मुलं गेली. ती भेटवस्तू घ्यायला जमलेली वस्तीतली मुलं होती.

मला विचाराल तर फौज लागेलच, जुना_जवान म्हणतात तशी, रात्री थांबणारी. पण त्याबरोबर वरचे धरले पाहिजेत. कॅनडाने २०२२ मधे आणि अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मधे माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल मार्तेली यांच्यावर निर्बंध घातले, अमेरिकेचा आरोप ड्रग्जच्या धंद्याचा आणि टोळ्यांना पैसे पुरवल्याचा. जुलै २०२५ मधे रेजिनाल्ड बूलोस या बड्या उद्योगपतीला फ्लोरिडात पकडलं, टोळ्यांना पाठिंबा दिल्याच्या आरोपावरून. हे दोघे असं काही केलं नाही म्हणतात, ठीक आहे, मग खटला चालवा, कागद बाहेर येऊ देत. निर्बंध म्हणजे खातं गोठवणं आणि व्हिसा रद्द. पैसा देणारा एक जरी माणूस उघड्या कोर्टात उभा राहिला तर पुढचा देताना दहा वेळा विचार करेल.

आणि मायामीकर ताई म्हणाल्या त्या बोटी. पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या गल्ल्यांत जाऊन बंदुका गोळा करण्यापेक्षा मायामी नदीवर ड्रम उघडून बघणं कितीतरी सोपं आहे, तिथे कोणी गोळ्या झाडत नाही. बंदरवाला, तुम्हाला माल तपासणीचं जास्त माहीत असेल, एवढ्या छोट्या बोटींचा सगळा माल स्कॅन करायला नक्की अडचण काय येते ते सवडीने लिहाल का?